इस्तंबूलहून बुर्साची डे टूर: पैसे वसूल होतात का?

आधीच सांगून टाकते, टूरला पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन पण ड्रायव्हर शांत डोक्याचा होता आणि बस स्वच्छ होती म्हणून. बुर्सा शहराला मात्र पाचपैकी पाच. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इस्तंबूलला राहतो, त्यामुळे पुण्यामुंबईहून जो कोणी येतो तो पहिल्याच चहाला विचारतो की अगं ते बुर्सा एका दिवसात होतं म्हणे, टाकू का उरकून? मी तेच तेच सांगून दमले, म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवतेय, पुढच्या पाहुण्यांना हेच पाठवून देईन.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर ही टूर केली, कारण त्यांच्या गुडघ्यांना फेरीबोट, बस, मेट्रो अशी चढउतार नको होती. एरवी आम्ही बुर्साला आपलं आपण जातो. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण सुल्तानअहमदच्या म्हणजे इस्तंबूलच्या टुरिस्टी जुन्या भागाच्या गल्ल्यांमधे जे जे ही टूर विकतात त्यांचा कार्यक्रम डिट्टो सारखाच असतो, इतका की आमच्या बसमधे तीन वेगवेगळ्या कंपन्यांची व्हाउचर्स घेतलेले लोक बसले होते आणि प्रत्येकाने वेगळे पैसे भरले होते. लिराचे आकडे पण देत नाही, इथली महागाई अशी आहे की आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात शिळा होतो.

तर कार्यक्रम असा. सकाळी अंधारात हॉटेलवरून पिकअप, मग बाकीच्यांना गोळा करत करत शहरातच दीड तास जातो. मग ओस्मानगाझी पूल, जो २०१६ मधे झाला आणि ज्याच्यामुळे इझ्मितच्या आखाताला वळसा घालावा लागत नाही, दोन खांबांमधलं अंतरच १५५० मीटर आहे, बघायला खरंच भारी आहे पण बस थांबत नाही, खिडकीतून काय दिसेल ते. त्यानंतर लगेच लोकुमचं म्हणजे टर्किश डिलाइटचं दुकान, "फॅक्टरी व्हिजिट" असं कागदावर लिहिलेलं. फॅक्टरी वगैरे काही नाही, एक माणूस ट्रेमधले तुकडे कापून चाखायला देतो आणि बाकी काउंटरच काउंटर. मग इन्कायाचा चिनार, म्हणजे सहाशे वर्षांचं म्हणतात ते प्रचंड झाड, त्याच्या फांद्यांना खालून टेकू दिलेत, झाड सुंदर आहे, खाली चहा प्यायला टेबलं आहेत, इथे पाऊण तास. मग रोपवे. मग जेवण. आणि मग, संध्याकाळचे चार वाजायला आले असताना, ज्याच्यासाठी माणूस बुर्साला येतो ते जुनं शहर, आणि त्याला वेळ किती तर एक मशीद, एक मकबरा आणि "फ्री टाइम फॉर शॉपिंग". काही सीझनमधे मधेच लेदरच्या कोटांचं दुकान पण घुसवतात असं ऐकलंय, आमच्या नशिबात ते नव्हतं.

गाइड मुलगा गोड होता, इंग्लिश चांगलं होतं, पण माइकवर त्याने इतिहास सांगितला तो एका वाक्यात: बुर्सा ही ऑटोमन साम्राज्याची पहिली राजधानी. झालं. त्यापुढे हॉटेलं कुठली चांगली आणि सोनं कुठे स्वस्त.

आता हे शहर म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडं ऐका, नाहीतर तिथे जाऊन नुसत्या मशिदीच मशिदी बघून कंटाळाल. मूळ गाव ऑटोमनांच्या कितीतरी आधीचं, इथल्या बिथिनिया नावाच्या प्राचीन राज्याचा राजा प्रुसियस याच्या नावावरून प्रुसा. पुढे बायझंटाइन साम्राज्याचं. तेराव्या शतकाच्या शेवटी शेजारच्या डोंगराळ भागात उस्मान नावाचा एक टोळीप्रमुख होता, ऑटोमन हे नाव त्याच्यावरूनच, त्याच्याकडे तटबंदी फोडायची साधनं नव्हती, म्हणून त्यांनी शहरावर सरळ हल्ला न करता आजूबाजूचे रस्ते आणि खेडी धरून ठेवली आणि वर्षानुवर्षं कोंडी केली. शेवटी १३२६ मधे शहराने दरवाजे उघडले, ते उस्मानच्या मुलाला म्हणजे ओर्हानला. उस्मानचा मृत्यू त्याच सुमाराला झाला आणि त्याला बुर्सातच पुरलं. पुढे राजधानी एदिर्नेला गेली, १४५३ नंतर इस्तंबूलला गेली, पण पहिले सहाच्या सहा सुलतान बुर्सात पुरलेले आहेत. पहिला मुराद १३८९ मधे कोसोवोच्या लढाईत मारला गेला, त्याला तिथून इथे आणलं. बायझिद यिल्दिरिम १४०२ मधे अंकाराच्या लढाईत तैमूरच्या हातात सापडला, पुढच्या वर्षी कैदेतच मेला, त्यालाही इथेच आणलं, आणि हे अशा वेळी की तैमूरच्या सैन्याने बुर्सा लुटून जाळलेलं होतं. म्हणजे राज्य कुठूनही चालवा, माती बुर्साची. आणि टूरवाले या सहांपैकी किती दाखवतात, तर एक. पहिला मेहमद, कारण त्याचा येशिल तुर्बे म्हणजे हिरवा मकबरा फोटोत छान येतो.

येशिल तुर्बेवर माझा राग नाही हं, आहेच तो देखणा. आठ बाजूंची इमारत, बाहेरून फिरोजी टाइल्स, १४२१ चा. फक्त गाइड सांगत नाही ते हे की १८५५ च्या मोठ्या भूकंपात बाहेरच्या बऱ्याच टाइल्स गेल्या आणि नंतर कुताह्या गावच्या बसवल्या, खरा जुना माल आत आहे, मिहराब म्हणजे मक्केच्या दिशेचा भिंतीतला कोनाडा आणि सुलतानाची टाइल्सने मढवलेली कबर. म्हणून बाहेर सेल्फी काढून निघू नका. समोरची येशिल जामी म्हणजे हिरवी मशीद पण आतून बघा, तिच्या दर्शनी भागाला पुढचा ओटाच नाही, सुलतान मेला आणि काम राहिलं ते राहिलंच.

उलू जामी, म्हणजे मोठी मशीद, मात्र वेळ काढून बघायची जागा. बायझिदने १३९६ ला युरोपच्या क्रुसेडरांविरुद्धची निकोपोलिसची लढाई जिंकली, त्या लुटीतून बांधली, १३९९ च्या आसपास पूर्ण. गोष्ट अशी सांगतात की जिंकलो तर वीस मशिदी बांधीन असा नवस होता आणि मग खर्च बघून वीस घुमटांच्या एकाच मशिदीवर भागवलं. नवस फेडतानाची ही हातचलाखी ऐकून सासूबाई जाम खूश झाल्या, म्हणाल्या देवाशी घासाघीस सगळीकडे सारखीच. आत गेल्यावर इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींसारखं एका महाकाय घुमटाखाली उभं राहिल्याचं फीलिंग येत नाही, बारा जाड चौकोनी खांब आहेत आणि त्यांच्यामधून आपण चालत राहतो, आणि प्रत्येक खांबावर, भिंतीवर माणसाच्या उंचीची काळी अक्षरं. अशी १९२ लिखाणं आहेत म्हणे, वेगवेगळ्या काळातल्या लेखकांची, काही अक्षरं इतकी मोठी की दहा पावलं मागे गेल्याशिवाय पूर्ण दिसत नाहीत. आणि सगळ्यात भारी म्हणजे मशिदीच्या आत, मधोमध, हात-पाय धुवायचा दगडी हौद, त्याच्यावरचा घुमट काचेचा, म्हणजे पूर्वी तिथे उघडं आकाश होतं. बाहेर जुलैचं ऊन आणि आत पाण्याचा आवाज, म्हातारे आजोबा बाही वर करून वजू करतायत, बाजूला दोन पोरं गालिच्यावर लोळतायत, कोणी कोणाला हटकत नाही.

मिनबर म्हणजे प्रवचनाचा लाकडी जिना बघायला विसरू नका. अक्रोडाच्या लाकडाचे छोटे छोटे तुकडे एकमेकांत बसवलेत, खिळा नाही. त्यावरची नक्षी म्हणजे सूर्यमाला आहे असं तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल, ऐकून घ्या आणि सोडून द्या. आम्हाला टूरमधे इथे वीस मिनिटं मिळाली, त्यातली पाच बूट काढण्यात आणि स्कार्फ बांधण्यात. (स्कार्फ दारात मिळतो पण स्वतःचा न्या, तुम्हाला कळेलच का ते. शुक्रवारी दुपारी जाऊ नका.)

मशिदीच्या मागच्या बाजूने बाहेर पडलं की बाजार सुरू. बाजार म्हणजे एकाला एक लागून हान, हान म्हणजे आपल्याकडच्या सराईसारखी व्यापाऱ्यांची दुमजली चौसोपी इमारत. त्यात कोझा हान सगळ्यात सुंदर, १४९१ चा, दुसऱ्या बायझिदने बांधला, इस्तंबूलमधल्या त्याच्या मशिदीचा खर्च इथल्या भाड्यातून निघावा म्हणून. मधे अंगण, अंगणात खांबांवर उचललेली एक चिमुकली मशीद, तिच्या खाली पाणी, भोवती झाडं आणि चहाची टेबलं. इराणकडून रेशीम घेऊन येणारे तांडे बुर्साला यायचे आणि युरोपचे व्यापारी ते इथून न्यायचे, नंतर आसपासच्या खेड्यांतच कोश तयार व्हायला लागले आणि ते विकायला शेतकरी याच अंगणात पोती ओतायचे. आता कोशबिश काही नाही, वर-खाली सगळी स्कार्फची दुकानं. २००८ मधे इंग्लंडची राणी इथे येऊन गेली, तिचे फोटो अजून काही दुकानांत टांगलेले आहेत.

आता बायकांसाठी महत्त्वाचं. सगळं रेशीम नसतं. तीन पातळ्या आहेत: बाहेर टांगलेले ढीग पॉलिएस्टरचे, मधले मिक्स, आणि खरं रेशीम आत कपाटात घडी घालून ठेवलेलं. टूरचा गाइड ज्या दुकानात नेतो तिथे सगळ्यालाच प्युअर सिल्क म्हणतात, आणि भाव करू लागलात की गाइड घड्याळ दाखवतो. सासूबाईंनी काय केलं, आयुष्यभर पैठण्या घेतलेली बाई ती, त्यांनी पदराची दशी ओढतात तसा स्कार्फच्या टोकाचा धागा काढला आणि खुणेनेच लायटर मागितला. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो, रेशमाची केस जळल्यासारखा वास येऊन राख होते जी बोटाने चुरते. इथे मणी झाला. पोरगा हसला, काही बोलला नाही, आत गेला आणि दुसरा डबा घेऊन आला. त्या डब्यातला घेतला. गाइडच्या दुकानातून बाहेर पडून वरच्या मजल्यावर गेलात तर तिथली जुनी दुकानं शांत असतात, चहा पाजतात, घासाघीस थोडीच होते पण माल खरा सांगतात. टॉवेलसाठी पण बुर्सा प्रसिद्ध आहे, ते बाजारातल्या साध्या दुकानात घ्या, हानमधे नको. १९५८ च्या आगीत बाजाराचा मोठा भाग जळला आणि परत बांधला, म्हणून काही गल्ल्या जुन्या वाटतात आणि काही एकदम सरकारी मार्केटसारख्या, गोंधळून जाऊ नका.

जेवण. टूरच्या जेवणाबद्दल बोलायलाच नको. इस्केंदर केबाबचं हे जन्मगाव, १८६७ पासून आमच्याकडे असं मूळ घराणं सांगतं, इस्केंदर एफेंदीने आडवं भाजलं जाणारं मटण उभ्या सळीवर चढवलं आणि आज जगभर जे फिरतं ते त्याच्यातूनच आलं असं त्यांचं म्हणणं. आणि टूरवाले तुम्हाला हायवेवरच्या हॉलमधे नेतात जिथे ते आधीच ताटात वाढून ठेवलेलं असतं. इस्केंदर वाढून ठेवायची गोष्टच नाहीये हो. खाली पिदे म्हणजे जाड रोटीचे तुकडे, त्यावर पातळ कापलेलं मटण, टोमॅटोचा सॉस, बाजूला दह्याचा गोळा, आणि मग वेटर छोट्या कढल्यातून उकळतं लोणी टेबलापाशी येऊन वरून ओततो, ते चर्र होऊन खाली रोटीत मुरतं, तो आवाज थांबायच्या आत पहिला घास. बरोबर आंबूस द्राक्षाचा रस मागा, किंवा आयरान म्हणजे आपलं खारं ताक. आमच्या ताटात लोणी गोठून पांढरं झालं होतं.

शाकाहारींसाठी टूरच्या हॉलमधे भात आणि काकडी, बस. सासूबाईंनी पर्समधले खाकरे काढले. आपलं आपण गेलात तर इतके हाल नाहीत: मसूरचं सूप (मटणाच्या पाण्यातलं नाही ना ते आधी विचारा), चीज किंवा पालक भरलेलं गोझलेमे म्हणजे पराठ्यासारखी पातळ रोटी, तिळाची पेस्ट लावून भाजलेली गोड रोटी जी बुर्साची खासियत आहे आणि बेकरीत गरम मिळते, आणि भट्टीत वरून लालसर भाजलेला दुधाचा हलवा, तो तर खाच.

रोपवे. उलुदा डोंगर २५४३ मीटर, प्राचीन काळी यालाही ऑलिंपस म्हणायचे. तुर्कस्तानातला पहिला रोपवे इथे १९६३ ला झाला, आताचा नवा आहे, साधारण नऊ किलोमीटर लांब, छान चालतो. पण जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ बघायला जायचं असेल तरच एवढा वेळ घाला. बाकी दिवसांत वर ढग असले तर काय दिसतं, ढग. टूरचे तिकडे रांगेसकट तीन तास गेले आणि त्याचं तिकीट "नॉट इन्क्लुडेड" होतं, ते डोंगराच्या पायथ्याशी गेल्यावर कळतं. वर जाळी आणि कच्चं मटण विकत मिळतं, आपलं आपण भाजून खायचं, तुर्की कुटुंबं दिवसभर तेच करतात, मजेत असतात.

मग काय करायचं? एक रात्र रहा. एवढंच. दुपारपर्यंत पोचा, उलू जामी आणि कोझा हान निवांत करा, संध्याकाळी तोफाने टेकडीवर चढा, तिथे घड्याळाच्या मनोऱ्याजवळ उस्मान आणि ओर्हानचे मकबरे आहेत, भूकंपात मूळ पडले म्हणून आताचे १८६३ चे, पण ओर्हानच्या मकबऱ्यात फरशीकडे नीट बघा, तिथे पूर्वी चर्च होतं त्याचं मोझॅक अजून पायाखाली आहे. तिकीट नाही. खाली सगळं शहर दिसतं आणि चहा मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरादिये. हे माझं सगळ्यात आवडतं, आणि एकही टूर इथे नेत नाही. दुसऱ्या मुरादची मशीद आणि भोवती बागेत बारा मकबरे. मुरादची स्वतःची कबर साधी मातीची, वर घुमटाला मधोमध भोक, कारण माझ्यावर पाऊस पडू दे असं त्याने सांगून ठेवलं होतं. बाकीच्या मकबऱ्यांत बहुतेक राजपुत्र आहेत, गादीच्या भांडणात हरलेले. जेम सुलतान भावाकडून हरून युरोपात पळाला, तिथे वर्षानुवर्षं ओलीस म्हणून फिरवला गेला, १४९५ ला नेपल्समधे मेला आणि चार वर्षांनी इथे आला. सुलतान सुलेमानवरची तुर्की सिरीयल ज्यांनी बघितलीय त्यांच्यासाठी: शहजादा मुस्तफा, ज्याला १५५३ मधे बापाच्या हुकमाने मारलं, तो इथे आहे. तिथे तुर्की बायका खरोखर डोळे पुसताना दिसतात. आणि आतल्या टाइल्स येशिल तुर्बेपेक्षा मला जास्त आवडतात, बोला.

मुरादियेच्या पुढे चेकिर्गे नावाचा भाग, तिथे गरम पाण्याचे झरे, जुने हमाम अजून चालू. सुलेमानच्या वजिराने रुस्तेम पाशाने १५५२ ला बांधलेला येनी काप्लिजा हमाम पण आहे. वाटेत कारागोझ आणि हाजीवातचं स्मारक लागतं. हे दोघं ओर्हानच्या मशिदीवरचे मजूर, इतके विनोद करायचे की बाकीचे काम सोडून ऐकत बसायचे, बांधकाम रखडलं म्हणून सुलतानाने दोघांना मारलं आणि मग पस्तावला, अशी दंतकथा. त्यांच्यावरून इथला सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ निघाला, उंटाच्या कातड्याच्या रंगीत बाहुल्या पडद्यामागे नाचवतात. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना इथलं कारागोझचं म्युझियम बघताना हात शिवशिवतील.

वेळ उरला तर जुमालीकिझिक, शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याचं ऑटोमन काळातलं खेडं, बुर्साबरोबर २०१४ ला युनेस्कोच्या यादीत गेलं. खाली दगड, वर लाकूड-मातीची रंगीत घरं, गोट्यांच्या गल्ल्या. रविवारी जाऊ नका, सगळं बुर्सा नाश्त्याला तिथे येतं. इतर दिवशी कोणाच्याही अंगणात बसा, वीसेक वाट्या पुढ्यात येतात, चीज, ऑलिव्ह, जॅम, अंडी, गरम गोझलेमे, हा नाश्ता शाकाहारी माणसालाही पोटभर होतो आणि दुपारचं जेवण वाचतं.

जायचं कसं: इस्तंबूलच्या एमिनोनू धक्क्यावरून मुदान्याची फेरीबोट, दोन तासांच्या आसपास, आणि तिथून बस. मुदान्या पण छोटंसं छान बंदर आहे, तुर्की स्वातंत्र्ययुद्धाचा १९२२ चा युद्धविराम जिथे झाला ते लाकडी घर किनाऱ्यावर म्युझियम करून ठेवलंय. हिवाळ्यात लोदोस नावाचा दक्षिणेचा वारा सुटला की फेऱ्या सरळ कॅन्सल, म्हणून आदल्या रात्री वेबसाइट चेक करा आणि परतीची फ्लाइट त्याच दिवशी ठेवू नका. इस्तंबूलचं ट्रान्सपोर्ट कार्ड बुर्सात चालत नाही, वेगळं बुर्साकार्ट घ्यावं लागतं.

टूर कोणी घ्यावी? ज्यांना खरंच चालवत नाही, किंवा ज्यांच्याकडे तेवढा एकच दिवस आहे आणि बर्फ बघायचाच आहे त्यांनी. पण बुक करताना दोन गोष्टी लेखी विचारा, रोपवेचं तिकीट धरलंय का आणि उलू जामी व बाजाराला मिळून किती वेळ देणार. दोन तासांपेक्षा कमी म्हणाले तर सोडून द्या. आणि खाऊ म्हणून साखरेतले चेस्टनट म्हणजे केस्ताने शेकेरी आणणार असाल तर पाकातल्या बरण्या नको, सुटे कागदात गुंडाळलेले घ्या. पाकातले चवीला जास्त चांगले आहेत हे खरं, पण बॅगेत सांडले की नव्या रेशमी स्कार्फचं काय होतं ते विचारू नका.